जक्कय आणि गर्दी
शास्त्रपाठ : लूक १९:१-१०

जक्कय ठेंगणा होता हे शब्बाथ शाळेतले प्रत्येक मूल सांगते. परंतु त्याला प्रभू दिसेना तो गर्दीमुळे, हे आपण सांगावयास विसरतो. नाटुकल्यात सर्वांत बुटक्या मुलालाच जक्कय करण्याची चूक आम्हीही केली आहे.

काही मुलांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक पुरेसे स्रवत नाही. त्याचे इंजेक्शन बहुधा रोज रात्री आईबापच टोचतात. तेही कित्येक वर्षे. मुलाचे वजन वाढते तशी मात्रा वाढते, आणि खर्चही. औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. गोठले तर वाया जाते.

अशा घरी जाऊन "तुमचा विश्वास कमी पडला" असे म्हणणारी गर्दी आपणच ना? वीज गेली तर आपला फ्रीज त्यांच्यासाठी उघडा आहे काय? तपासणीस परगावी जाताना धाकट्या भावंडाला कोण सांभाळतो? पंचमंडळाने मदत द्यावी ती गुपचूप, उपासनेत नाव पुकारून नव्हे. आणि शिक्षकांनो, बारा वर्षांच्या मुलाला उंची पाहून आठ वर्षांच्यांत बसवू नका. पुढच्या नाटुकल्यात जक्कय कोण होणार, ते मुलांनाच विचारा.