तलावावर राबलेल्या आज्या

पालकहो, गावाशेजारचा पाझर तलाव मुलांना दाखवा आणि विचारा, हा कुणी बांधला? बहुतेक मुलं 'सरकारनं' म्हणतील. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, साऱ्या मराठवाड्यात, असे कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून उभे राहिले. त्यांची माती पाटीपाटीनं वाहिली ती याच मुलांच्या आज्या-पणज्यांनी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. उन्हात खडी फोडायची, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खायची, कामावर मिळालेला सुकडीचा कोरडा खाऊ लेकरांसाठी पदरात बांधून घरी न्यायचा. त्यातली एखादी बाई आज तुमच्याच ओसरीवर बसलेली असेल. ती आपणहून सांगत नाही, कारण हे सांगण्यासारखं आहे असं तिला कुणी कधी वाटूच दिलेलं नाही.

मला तुमच्याशी याच विषयावर मनातलं बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की आपण मुलांना नळदुर्ग दाखवतो, परंड्याची तोफ दाखवतो, तुळजापूरला नेतो. जरूर न्यावं. पण जो इतिहास आपल्याच घरात आहे, तो कुठल्याही सहलीत भेटत नाही. तो विचारावा लागतो, टिपावा लागतो आणि मुख्य म्हणजे घराबाहेर काढून गावाच्या हाती द्यावा लागतो. माझा सगळा आग्रह या शेवटच्या गोष्टीसाठी आहे. घरातल्या ट्रंकेत जपलेला कागद एका पिढीपुरता टिकतो. गावाला ठाऊक झालेली गोष्ट पुढं जाते.

हे होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात या बाजारपेठेचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे. त्या तेरच्या मातीत मणी, खापरं, मृण्मूर्ती, नाणी सापडत राहिली. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तूंचं मोल ओळखलं, त्या जमवल्या, सांभाळल्या. आज तिथं त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. एका गावकऱ्याच्या ध्यासामुळं तो ऐवज तेरमध्येच राहिला. मुलांना तिथं नेलंत, तर मूर्तींसोबत या माणसाबद्दलही सांगा. (आणि हेही सांगा, की शेतात असं काही सापडलं तर ते तहसील कार्यालयाला कळवायचं असतं. घरी ठेवायचं नाही, विकायचं तर मुळीच नाही.)

तुमच्या गावातही मारुतीच्या पाराशी शेंदूर फासलेले दगड असतात ना, त्यांच्याकडं एकदा नीट बघा. बऱ्याचदा त्यातला एखादा वीरगळ असतो, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचं स्मारक. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर. गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना पडलेल्या एखाद्या साध्या माणसाचीही ती आठवण असू शकते. एकदा हे दगड वाचायला शिकलेलं मूल मग वाटेतला प्रत्येक दगड थांबून बघतं.

आता जरा अवघड बोलते. सगळ्या आठवणी सुखाच्या नसतात. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाहिली आहे. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५० हून अधिक गावं नव्या जागी वसली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जुन्या गावाची वेस, विहीर, कुणाचा वाडा कुठं होता, यातलं काहीच ठाऊक नाही. आजोबांना बसवून जुन्या गावाचा नकाशा काढून घ्या. पण गेलेल्या माणसांबद्दल ते बोलले नाहीत, तर मुलांना थांबायला शिकवा. आपल्याला हवं म्हणून कुणाचं दुःख उकरून काढू नये.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. निजामाच्या राजवटीतल्या रझाकारांच्या धाडी, सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, लपूनछपून निरोप पोचवणाऱ्या बायका, हे सगळं मुलांना सांगावंच. पण १९४८ मध्ये निजामाविरुद्ध झालेल्या पोलीस कारवाईनंतर अनेक निरपराध मुस्लिम घरांवरही अत्याचार झाले, आणि त्याची झळ जास्त बसलेल्या जिल्ह्यांत केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं आपल्याही जिल्ह्याचं नाव घेतलं होतं. दोन्ही आठवणी एकाच गावात राहतात, कधी एकाच गल्लीत. म्हणून माझी विनवणी आहे, मुलांना फक्त आपल्या भावकीतल्या म्हाताऱ्यांकडं पाठवू नका. वाडा, मोहल्ला, भीमनगर, तांडा, सगळीकडं पाठवा. जिथं लिखित कागद सर्वांत कमी, तिथं सांगण्यासारखं बरंच असतं. जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक बायका कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या.

काम अवघड नाही. मोबाईलवर आजीचं बोलणं रेकॉर्ड करा, आधी तिला विचारून. मुलांनी मध्ये बोलू नये, आजी थांबली तर थांबू द्यावं. जुन्या फोटोतल्या माणसांची नावं आज सांगता येतात, ती मागच्या बाजूला पेन्सिलीनं हलकेच लिहून ठेवा. पेनची शाई उतरते. मोडीतले, उर्दूतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. त्यांना लॅमिनेशनही करू नका, त्यानं कागद कायमचा बिघडतो. साध्या उजेडात फोटो काढा आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

मूळ वस्तू घरीच राहू दे. तिची एक नक्कल शाळेत आणि एक गावच्या वाचनालयात द्या. मुलांनी जे लिहिलं असेल, ते देण्याआधी सांगणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर तो सांगेल, एखादं वाक्य नको म्हणेल, ते काढून टाका. मग वर त्याचं नाव, गाव आणि तारीख घाला.