पुढची गुहा किती लांब असावी?

प्रश्न : ओपन वर्ल्ड पद्धतीचे रोल-प्लेइंग गेम मी आवडीने खेळतो. पण ‘स्कायरिम’ घ्या की ‘विचर ३’, दोन मिनिटं निवांत चालायला मिळत नाही. लांडगे संपले की दरोडेखोर, दरोडेखोर संपले की गुहा. खऱ्या रानात माणूस दिवसभर चालला तरी बहुतेक वेळा काहीच घडत नाही. मग गेम बनवणारे खऱ्यासारखं मोठं, शांत जग का बनवत नाहीत? आणि बनवलं, तर आम्ही ते खेळू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असं जग एकदा बनवून झालं आहे, तेही १९९६ साली. बेथेस्डा कंपनीच्या ‘डॅगरफॉल’चा नकाशा साधारण ग्रेट ब्रिटनएवढा होता. त्यात शहरं, खेडी, देवळं, तळघरं अशी पंधरा हजारांहून जास्त ठिकाणं होती. एवढं हाताने बनवणं कुणालाच शक्य नव्हतं, त्यामुळे बहुतेक भाग संगणकाने ठरावीक नियमांनुसार रचला. एका शहरातून दुसरीकडे पायी निघालात, तर तासन्‌तास माळ आणि तीच ती झाडं. साहजिकच कुणी चालत जात नसे. नकाशा उघडायचा, गाव निवडायचं आणि पोचायचं.

पण निघण्यापूर्वी गेम विचारायचा : जपून जाणार की घाईने? जमिनीवरून की जहाजाने? रात्री खाणावळीत मुक्काम की उघड्यावर? तुमच्या उत्तराप्रमाणे दिवस खर्ची पडायचे, सोन्याची नाणी वजा व्हायची. शिवाय बहुतेक कामांना मुदत असायची. जहाजाने लवकर पोचाल, पण खिसा हलका होईल. उघड्यावर झोपाल तर पैसे वाचतील, पण मुदत हुकू शकते. वाटेत काहीही न दिसता अंतर मात्र जाणवायचं.

म्हणून मला वाटतं, जग भरलेलं आहे की रिकामं, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या जगात अंतराला किंमत आहे का, हे आधी पाहायला हवं. किंमत असेल तर मोकळी जागाही बोलते. नसेल तर गर्दीचाही कंटाळा येतो.

आता भरगच्च जगाची बाजू. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये एक अख्खा प्रांत आहे : डोंगर, गोठलेला किनारा, नऊ सुभे. हे सगळं जेमतेम ३७ चौरस किलोमीटरमध्ये बसवलं आहे, म्हणजे सुमारे सहा किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. व्हाइटरन हे म्हणायला मोठं व्यापारी शहर, पण घरं मोजली तर आपल्याकडच्या वाडीएवढी. तरी खेळताना हे खटकत नाही. वगामध्ये राजा आणि प्रधान रंगमंचावर एक फेरी मारतात आणि दुसऱ्या गावाला पोचतात. प्रेक्षक तो संकेत मान्य करतो. इथेही तसाच करार आहे, आणि तो टिकावा म्हणून एक छान हिशेब केलेला आहे. ‘स्कायरिम’मध्ये वेळ वीसपट वेगाने धावतो, त्यामुळे तिथला अख्खा दिवस आपल्या ७२ मिनिटांत उलटतो. दोन गावांमधलं अंतर तुम्ही दहा मिनिटांत चाललात, तर तिथे सव्वातीन तासांहून जास्त वेळ गेलेला असतो. सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. अंतर आणि वेळ दोन्ही एकत्र आटवल्यामुळे प्रवास पटतो.

आटत नाहीत ते लांडगे. प्रांत आक्रसला, पण प्रांतभरच्या गुहा, किल्ले आणि टोळ्या जवळपास पुऱ्या ठेवल्या, म्हणून त्या एकमेकींच्या अंगावर येतात. यामागे आळस नाही, धास्ती आहे. ‘विचर ३’ बनवणाऱ्यांनी चाळीस सेकंदांचा नियम सांगितला आहे. चाचण्यांतून त्यांच्या ध्यानात आलं, की साधारण दर चाळीस सेकंदांनी खेळाडूला लक्ष वेधणारं काहीतरी दिसायला हवं. ते हरणांचा कळप असेल, वाटेवरचा माणूस असेल किंवा शत्रू. नियम वाईट नाही. त्यात हरणंही मोजली आहेत, हे महत्त्वाचं. दर वेळी तलवार उपसावीच लागते असं नाही.

नियमाची यादी झाली की मात्र बिघडतं. त्याच ‘विचर ३’मध्ये स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशा प्रश्नचिन्हांनी भरून गेला आहे. होडी घेऊन जा, हवेतून झेपावणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी पाडा, पाण्यात तरंगणारी पिंपं उघडा, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे वळा. तिसऱ्या पिंपानंतर समुद्र दिसेनासा होतो, फक्त चिन्हं दिसतात. ‘स्कायरिम’मध्येही पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी आहे. न पाहिलेल्या जागेजवळ गेलात की तिथे काळसर खूण उमटते. खेळाडूची नजर डोंगरावरून सुटून त्या पट्टीवर खिळते. गुहा सापडते, पण ती शोधल्याचा आनंद मिळत नाही.

प्रश्न : मग मोकळं जग फसतं कधी?

उत्तर : ताजं उदाहरण २०२३ च्या ‘स्टारफील्ड’चं. पुन्हा बेथेस्डाच. हजारहून अधिक ग्रह, त्यांतले बहुतेक ओसाड. कंपनीची बाजू अशी, की अंतराळ असंच असतं, आणि चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना काही कंटाळा आला नव्हता. मुद्दा प्रामाणिक आहे. पण त्या अंतराळवीरांना तिथवर जायला तीन-चार दिवस लागले होते, सोबत मोजका प्राणवायू होता आणि परत येण्याची खात्री नव्हती. ‘स्टारफील्ड’मध्ये नकाशावर बोट ठेवलं की ग्रह आला. मूळ आराखड्यात इंधन संपून यान अडकण्याची सोय होती, ग्रहांवरचं घातक हवामानही जास्त कडक होतं. चाचणीत खेळ थांबून राहतो असं दिसल्यावर या दोन्ही गोष्टी सौम्य केल्या, हे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. परिणाम असा, की अंतर गेलं आणि ओसाडी तेवढी उरली. त्या ओसाडीत अधूनमधून भेटणारं संशोधन केंद्र दुसऱ्या ग्रहावर पुन्हा भेटतं, तेव्हा टेबलावरच्या वस्तूही त्याच जागी असतात.

‘डॅगरफॉल’ने प्रवास दाखवला नाही, पण त्याचे पैसे घेतले. ‘स्टारफील्ड’ने प्रवास दाखवलाही नाही आणि पैसेही घेतले नाहीत. दोन्ही जगं संगणकाने रचलेली, दोन्ही अवाढव्य; फरक पडतो तो इथे.

प्रश्न : मोकळेपणा जमून आलेला गेम कोणता?

उत्तर : माझ्या मते ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने तो २०१८ मध्ये आणला. काळ १४०३ चा, प्रदेश बोहेमिया. राजा चौथा वेन्सेस्लास कैदेत आहे आणि त्याचा भाऊ सिगिस्मंड याच्या फौजा मुलूख लुटत आहेत. राताये, साझावा, स्कालित्स ही ठिकाणं आजच्या चेक प्रजासत्ताकात खरोखर आहेत. नकाशा फक्त १६ चौरस किलोमीटर, ‘स्कायरिम’च्या निम्म्याहूनही लहान. तरी तो मोठा वाटतो.

कारण नायक हेन्री हा लोहाराचा पोरगा आहे आणि त्याला भूक लागते. झोळीतलं मांस नासतं. चिखल आणि रक्ताने माखलेल्या कपड्यांत गेलात तर लोक तुटकपणे बोलतात. रात्री गावात मशालीशिवाय फिरलात तर पहारेकरी हटकतो. हेन्रीला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरांची उलटसुलट खिचडी दिसते, लेखनिकाकडून धडे घ्यावे लागतात. हवं तेव्हा सेव्हही करता येत नाही. त्यासाठी ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाची दारू लागते, नाहीतर हक्काचा बिछाना. एका खेड्यात साथ पसरते. औषधाला उशीर केलात तर आजारी माणसं दगावतात.

अशा जगात दोन गावांमधलं जंगल शांत असतं आणि ती शांतता पोकळ वाटत नाही. सेव्ह करून बराच वेळ झालेला असतो, अंधार पडायला आलेला असतो, चिखलवाटेच्या वळणावर कुणाचे तरी आवाज येतात. दोनच माणसं असतील, पण दोघांनी मिळून तुम्हाला सहज लोळवावं इतका तो खेळ अवघड आहे. तिथे दर चाळीस सेकंदांनी काही घडण्याची गरज नाही, कारण काहीही घडू शकतं याची काळजी तुमच्याबरोबर चालत असते. नकाशावरून झटपट प्रवासही आहे. पण तेव्हासुद्धा दिवस मावळत जातो, भूक वाढत जाते आणि मध्येच कुणी वाट अडवतं.

प्रश्न : पण हे सगळं दमवणारं नाही का? नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्याने भाकरीची काळजी का करावी?

उत्तर : ही तक्रार रास्त आहे. खरेपणाच्या नावाखाली खेळाडूचा वेळ खाणं हा दोषच आहे, आणि तो मोठमोठ्या गेममध्येही आहे. २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग गेम नाही, पण या वादात तो येतोच. त्यात शिकार केल्यावर नायक आर्थर मॉर्गन कातडं सोलतो, खांद्यावर टाकतो, घोड्यावर बांधतो. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. पन्नासाव्या वेळी मात्र तुम्ही फक्त थांबलेले असता, कारण त्या वेळात तुम्हाला ठरवायचं काहीच नसतं.

मी लावतो ती कसोटी हीच : ही गैरसोय मला काही ठरवायला लावते का? घोड्याच्या पाठीवर एकच मोठं जनावर मावतं, हा नियम लावतो. हरीण न्यायचं की वाटेत दिसलेल्या चांगल्या कातड्याच्या जनावरासाठी ते टाकायचं, याचा विचार करावा लागतो. सोलण्याचं लांबलचक दृश्य असं काहीही मागत नाही. तो नियम खेळाला खरेपणा देतो, हे दृश्य नुसता वेळ घेतं.

त्याच गेममध्ये वाटेवर भेटणारा एक माणूस आहे. त्याला साप चावलेला असतो आणि तो गयावया करत असतो. मदत केलीत तर पुढे कधीतरी तो गावातल्या दुकानाबाहेर बसलेला दिसतो, तुम्हाला ओळखतो आणि आपल्या खर्चाने काहीतरी घ्या म्हणतो. एवढीशी भेट दहा गुहांच्या तोडीची आहे, कारण जगाने तुमचं वागणं लक्षात ठेवलं. माझ्यासाठी खरेपणा तो हा. गवताची पाती किती हुबेहूब काढली, हा मुद्दा फार नंतर येतो.

प्रश्न : आहे तेच गेम वेगळ्या तऱ्हेने खेळता येतील का?

उत्तर : हो, आणि त्यासाठी नवीन काही विकत घ्यायची गरज नसते. ‘स्कायरिम’मध्ये सर्व्हायव्हल मोड अधिकृतपणे उपलब्ध आहे. त्यात भूक, थकवा आणि थंडी येते आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून झटपट प्रवास, बंद होतं. मग उत्तरेकडे जायचं म्हणजे लोकरी कपडे, गरम रस्सा आणि मुक्कामाची सोय आधी पाहावी लागते. पूर्वी नुसती ओलांडून जायचो ती खाणावळ अचानक मोलाची ठरते. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये एक्स्प्लोरेशन मोड निवडलात तर ठिकाण दाखवणारा मार्कर लगेच दिसत नाही, अमक्या खाडीच्या पूर्वेला, तमक्या देवळाजवळ अशा खुणा मिळतात. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये तर हीच एकमेव रीत होती. लोक तोंडी पत्ता सांगत, तो वहीत नोंदला जाई, आणि ठरावीक मार्गांवर चालणाऱ्या ‘सिल्ट स्ट्रायडर’ या राक्षसी किड्याच्या पाठीवर बसून जवळच्या गावापर्यंत जाता येई. तिथून पुढे पायपीट.

एकच सांगणं. तासाभरात एक शोधमोहीम पुरी करायची असेल, तर मार्कर आणि फास्ट ट्रॅव्हल बिनधास्त वापरा, त्यात कमीपणा नाही. पण एखाद्या जगात राहावंसं वाटत असेल, तर त्या जगाला तुमच्याकडून काहीतरी वसूल करू द्या : थोडे पैसे, थोडा वेळ, थोडी जोखीम. गेम बनवणाऱ्यांकडेही आपण नेमकं हेच मागायला हवं. ‘नकाशा केवढा?’ आणि ‘गुहा किती?’ या प्रश्नांची उत्तरं जाहिराती आपणहून देतात. ‘इथून तिथे जाताना माझं काय पणाला लागेल?’ हा प्रश्न आपण विचारला, तरच त्याचं उत्तर कुणीतरी नीट तयार करेल.