मूल शिकायला गेल्यावर मागे राहिलेले घर

आषाढ पौर्णिमा आणि कॉलेजचे प्रवेश हे दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात. त्यामुळे वर्षावास सुरू होतो तेव्हा आपल्या वस्तीतील दोन-चार घरांतून एखादे मूल ट्रंक आणि गादी घेऊन नुकतेच बाहेरगावी गेलेले असते. आमच्या विहारात वर्षावासात दर रविवारी ग्रंथवाचन होते. वाचनाचे काम माझ्याकडे आहे ते मी शिक्षक आहे म्हणून. धम्माचा मोठा अधिकारी आहे म्हणून नव्हे. यंदा तिसऱ्या रविवारी वंदना आटोपल्यावर एक उपासिका मागे थांबल्या. त्यांचा थोरला मुलगा बारावी होऊन छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या औरंगाबादला, कॉलेजात गेला आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, घर खायला उठतंय. भाकरी मोजून करते तरी दोन उरतातच. पोरगं शिकायला गेलं याचा आनंद हाय, अन् रडूबी येतंय. आसक्ती वाईट म्हणता तुम्ही. मग हे माझं चुकतंय का?"

प्रश्न साधा नव्हता. त्याचे उत्तर मी तेव्हा अर्धेच दिले. उरलेले अर्धे नंतर सुचले, ते येथे मांडतो.

प्रथम त्या माउलीच्या रडण्याविषयी. विनयपिटकाच्या महावग्गात शुद्धोदनाची एक हकिकत आहे. सिद्धार्थ गेला, नंतर नंद गेला, आणि तथागत कपिलवस्तूला आले असताना नातू राहुल याचीही प्रव्रज्या झाली. तेव्हा म्हातारा राजा भगवंतांकडे गेला आणि त्याने आपले दुःख स्पष्ट सांगितले. तुम्ही गेलात तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हाही झाले, पण राहुल गेला तेव्हा ते पार हाडापर्यंत पोचले, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आता येथे भगवंतांनी काय केले ते पाहावे. 'महाराज, ही आसक्ती आहे, ती टाका' असा उपदेश त्यांनी केला नाही. आईवडिलांच्या अनुमतीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम त्यांनी संघाला घालून दिला. एका बापाचे दुःख ऐकून संघाने आपली रीत बदलली! जो जातो त्याच्याइतकाच मागे राहणाराही विचारात घेतला पाहिजे, हे त्या नियमाने मान्य केले.

बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ लिहिताना हाच धागा आणखी घट्ट केला आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला सोडून सिद्धार्थ निघून गेला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांच्या ग्रंथातील सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेल्या तंट्यामुळे घर सोडतो, आणि सोडण्यापूर्वी आईवडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. मागच्या घराचा भार यशोधरा समजून-उमजून पत्करते. पाठ फिरवून जाणे वेगळे आणि बोलून जाणे वेगळे. हा फरक आपण वाचताना भराभर ओलांडून जातो असे मला वाटते.

दुसरी गोष्ट उपेक्षेची. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आपण ऐकतो. पण चौथ्या शब्दाशी आपल्या मराठीने घोटाळा केला आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. पालीतील उपेक्खा तशी नाही. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात याचा एक सुरेख दृष्टांत आहे. एका आईला चार मुलगे आहेत. एक तान्हा, एक आजारी, एक भर तारुण्यातला आणि एक आपापल्या उद्योगाला लागलेला. तान्हे वाढावे असे तिला वाटते, ती मैत्री. आजारी बरा व्हावा असे वाटते, ती करुणा. तरुणाचे तारुण्य टिकावे असे वाटते, ती मुदिता. आणि जो आपल्या कामात गढलेला आहे त्याची ती रात्रंदिवस काळजी करत बसत नाही, ती उपेक्खा. म्हणजे तिचे प्रेम आटलेले नाही. त्या मुलाला आता तिच्या काळजीची त्या प्रकारे गरज उरलेली नाही, एवढेच. कॉलेजला गेलेला मुलगा हा पहिल्या मुलाच्या जागेवरून चौथ्याच्या जागेकडे निघालेला असतो. दिवसातून तीनदा फोन करून 'जेवलास का?' विचारणारी आई त्याला पुन्हा तान्ह्याच्या जागी ओढते. तिला दोष देण्याचे कारण नाही. आतापर्यंत तिला तेवढेच एक काम कुणी नेमून दिले होते.

एवढे सांगून मी त्या रविवारी घरी आलो. मनात बरे वाटत होते. सोमवारी वर्गात हजेरी घेताना मात्र थबकलो. त्या उपासिकेची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात, आठवीत आहे. मी हजेरीपट मागे चाळला. जूनमध्ये एकही गैरहजेरी नाही. भाऊ गेल्यापासून सात.

येथे मला माझ्या घराची हकिकत सांगणे भाग आहे.

आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात. २००७ साली मी बारावीनंतर औरंगाबादला गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबासाहेबांनी १९५० साली तेथे सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयामुळे नागसेनवन हे नाव आमच्या खेड्यातही तीर्थासारखे घेतले जाई. पोरगा औरंगाबादला शिकतो म्हटले की माय गावात ताठ मानेने चाले. घरी असताना माझ्याकडे चार कामे होती. सकाळी हापशावरून पाणी आणणे, शाळा सुटल्यावर शेळ्या राखणे, रेशन आणणे आणि आजीला दवाखान्यात नेणे. मी गेलो. ही कामे कुणी करायची, यावर घरात एक शब्दही बोलणे झाले नाही. मीही विचारले नाही.

त्या वर्षी डिसेंबरात बांधकामावर बाबांचा हात मोडला. दोन महिने मजुरी बंद. माय कापूस वेचायला जायची, तिच्याबरोबर माझी आठवीतली बहीण जाऊ लागली. मला यातले काही कळवले नाही. शेजाऱ्याच्या फोनवरून बोलणे व्हायचे; 'सगळे बरे आहे, तू अभ्यास कर' एवढेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांचा हात कोपराशी किंचित वाकडा दिसला, आणि बहिणीचे दप्तर आढ्याला टांगलेले दिसले. तिने वार्षिक परीक्षा दिली नव्हती. पुढे ती शाळेत गेलीच नाही.

काही वर्षांपूर्वी मी तिला विचारले, तुला शाळेतून कुणी काढले? ती म्हणाली, "कुणीच नाही काढलं, दादा. तू गेलास तवा घागर तिथंच व्हती. कुणी उचल म्हणलं नाही. मीच उचलली." या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

शहरातल्या पांढरपेशा घरातून मूल जाते तेव्हा मागे पोकळी राहते. आपल्या घरातून मूल जाते तेव्हा मागे काम राहते. ते काम आपोआप वाहत वाहत घरातल्या सर्वांत गरीब जिवाकडे जाते आणि तेथे थांबते. तो जीव बहुधा मागची मुलगी असतो. थोरली मुलगी शिकायला गेली असेल तर आई असते, आणि शिवाय 'पोरीला एवढ्या लांब कशाला धाडली' हे शेजारपाजारचे बोलणेही तिलाच ऐकावे लागते. एकाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याचे शिक्षण असेल, तर तेवढ्या घरापुरती आपली चळवळ दोन पावले पुढे जाऊन एक पाऊल मागे आली असे मी म्हणेन.

बाबांनी हात मोडल्याचे मला का कळवले नाही? कळवले असते तर मी कॉलेज सोडून आलो असतो, ही त्यांची भीती. ती अगदीच खोटी नव्हती. सतरा वर्षांचा मी बहुधा आलोही असतो. तरीही मला वाटते की सांगायला हवे होते. शिष्यवृत्तीचे पैसे घराकडे वळवता आले असते, गावातल्या चार माणसांशी बोलता आले असते, बहिणीच्या शिक्षकांना जाऊन भेटता आले असते. आपण रोज चौथे शील घेतो. परंतु घर आणि वसतिगृह यांच्यामध्ये प्रेमापोटी जेवढे खोटे बोलले जाते तेवढे बाजारातही बोलले जात नसेल. मुलेही कमी नाहीत. विषय राहिला तर सांगत नाहीत, खाणावळीचे पैसे थकले तर सांगत नाहीत. दोन्हीकडून 'बरे आहे'.

सिगालोवाद सुत्त आपण विहारात अनेकदा ऐकतो. राजगृहाचा सिगाल ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करत असतो. तथागत त्याला सांगतात की आईवडील ही पूर्व दिशा, आचार्य ही दक्षिण, पत्नी-मुले पश्चिम, मित्र उत्तर, सेवक खालची आणि श्रमण वरची दिशा. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंनी कर्तव्ये आहेत. आईवडिलांनी मुलाला विद्या-शिल्प शिकवावे हे त्यात येते. पण या सहा दिशांत भावंडांना वेगळी दिशा नाही, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? मला तरी ते फार उशिरा ध्यानात आले. मी माझ्यापुरते ठरवले की भावंडांना मित्रांच्या उत्तर दिशेत धरावे. तेथली कर्तव्ये पाहा. देणे, गोड बोलणे, त्याच्या हिताचे करणे, त्याला आपल्यासारखेच मानणे आणि त्याला न फसवणे. यातले 'आपल्यासारखेच मानणे' हे जर मला २००७ साली कुणी शिकवले असते, तर ट्रंक भरताना मी घागरीकडे एकदा तरी पाहिले असते.

जो शिकायला जातो त्याने मागे राहिलेल्यांचे ऋण उच्चारलेही पाहिजे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९१७ साली परतले, पुन्हा १९२० ते १९२३ लंडनमध्ये राहिले; इकडे मुंबईत माता रमाईंनी किती हालअपेष्टांत संसार ओढला हे आपल्याला ठाऊक आहे. १९३५ साली त्या गेल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि विपन्नावस्थेच्या दिवसांत त्यांनी आपल्याबरोबर जे सोसले त्याची नोंद तेथे केली. आपल्यातील किती पदवीधरांनी आपल्या बहिणीचे नाव असे कुठे घेतले आहे? मीही येथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

आता करायचे काय? माझ्या मते मूल जाण्याच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर सगळ्या घराने बसावे. जाणाऱ्याची कामे एकेक उच्चारावीत आणि ती कोण घेणार हे जाणाऱ्याच्या देखत ठरवावे. बापाने किमान एक काम घ्यावे. पुरुषाने पाणी भरले म्हणून कुणाची अब्रू गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पैशाचा हिशेबही मुलापासून लपवू नये. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पण तिचा पैसा अर्जाची छाननी झाल्यावर मिळतो. पहिल्या महिन्यांचा भार घरावरच पडतो. तो कुठून येणार आणि त्यासाठी काय थांबणार हे मुलाने ऐकलेले बरे. 'तुझ्यासाठी आम्ही उपाशी राहिलो' हे नंतर भांडणात ऐकण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

पहिल्या सुट्टीत मूल घरी येते तेव्हाही थोडे जपावे लागते. त्याच्या निजण्याच्या जागेवर धाकट्याने अंथरूण टाकलेले असते. ते उठवू नये. मूल उशिरा उठते, बापाच्या बोलण्यात चुका काढते; बाप म्हणतो, शहाणा झाला. दोघेही थोडे बरोबर असतात.

त्या सोमवारी संध्याकाळी मी त्या उपासिकेच्या घरी गेलो. हजेरीपटातले सात दिवस कागदावर उतरवून नेले होते. माउली कागदाकडे पाहतच राहिल्या. मुलगा गेल्याच्या दुःखात मुलगी घरी राहते आहे हे त्यांना दिसत होते, उलट त्यांना ते बरे वाटत होते. सोबत होत होती. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाण्याचं मी बघतो." औरंगाबादला फोन लावला. मुलाने आधी घाबरून काय झाले विचारले, आणि सगळे ऐकल्यावर रोज रात्री बहिणीचे गणित फोनवर घेईन असे कबूल केले.

पुढच्या आठवड्यात मुलगी सोमवार ते शुक्रवार शाळेत आली. शनिवारी तिच्या नावापुढे पुन्हा खूण करावी लागली. शाळा सुटल्यावर मी मोटारसायकल काढून त्यांच्याकडे गेलो. वडील अंगणात घागरी रिकाम्या करत होते. मुलीला खरोखरच ताप होता.