संपादकास पायथनची ओळख

संगणकावर प्रोग्राम लिहावयाचा तर प्रथम हातीं एक टेक्स्ट एडिटर असावा लागतो. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला 'विम' हा असाच एक एडिटर होय. पायथन ही भाषाही त्याच सालीं, गीडो व्हान रॉसम या दुसऱ्या डच गृहस्थांच्या हातून जगापुढें आली. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हें आपण पाहूं.

पायथनमध्यें ओळीच्या आरंभीं सोडलेली जागा शोभेसाठीं नसते. कोणती ओळ कोणत्या अटीखालीं येते, हें तीच ठरविते. एकाच खंडांत कोठें टॅब व कोठें स्पेस अशी सरमिसळ झाली, तर डोळ्यांना ओळी सरळ दिसतील, परंतु पायथन ३ 'टॅब-एरर' म्हणून प्रोग्राम नाकारील. यास्तव टॅबची कळ दाबली तरी स्पेसच पडाव्या, अशी व्यवस्था करणें इष्ट.

पहिली पायरी ओळखीची. आपल्या 'विमआरसी' फाइलींत 'फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन' ही ओळ लिहावी. (आज्ञा अर्थातच रोमन लिपींत टंकावयाच्या.) मग नांवाच्या शेवटीं 'डॉट-पीवाय' असलेली फाइल उघडतांच विम ती पायथनची म्हणून ओळखतो. शब्दांना रंग हवे असल्यास 'सिंटॅक्स ऑन' ही दुसरी ओळ घालावी.

दुसरी पायरी नियमांची. लिनक्सवर आपल्या होम फोल्डरांतील 'डॉट-विम' मध्यें 'आफ्टर', व त्यांत 'एफटीप्लगिन' असे फोल्डर करून तेथें 'पायथन-डॉट-विम' ही फाइल ठेवावी. तींत लिहावें: 'सेटलोकल एक्स्पांडटॅब शिफ्टविड्थ=४ सॉफ्टटॅबस्टॉप=४'. पहिल्या नियमानें टॅबऐवजीं स्पेस पडतात. दुसऱ्यानें ओळ आंत सरकविण्याचें माप ठरतें. तिसऱ्यानें टॅबच्या एका दाबानें चार घरें पुढें जातां येतें व बॅकस्पेसच्या एका दाबानें तीं चारही पुसतां येतात. नव्या आवृत्तींत पायथनसाठीं असे नियम आयतेच येतात. तथापि ही फाइल त्यांच्या मागून वाचली जात असल्यामुळें आपली दुरुस्ती येथेंच करावी.

'सेटलोकल' ऐवजीं नुसतें 'सेट' लिहिणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. तिच्यामुळें पायथनचा नियम त्याच बैठकींत पुढें उघडलेल्या साध्या फाइलींसही लागतो. समजा, टॅबनें रकाने पाडलेली गुणांची यादी आपण उघडली व तींत चार नांवें वाढविलीं. दिसावयास यादी ठीकच. परंतु नव्या ओळींत टॅब नसून स्पेस असल्यामुळें, ती वाचणाऱ्या प्रोग्रामास त्या मुलांचे गुण सांपडणार नाहींत. एका शब्दाच्या हयगयीचें हें फळ!

शंका आल्यास तर्क न करितां विमलाच विचारावें. कोलन देऊन 'वर्बोज सेट शिफ्टविड्थ?' असें लिहितांच तो अंक सांगतो, आणि तो अंक शेवटचा कोणत्या फाइलीनें ठरविला हेंही सांगतो.

मोलेनार २०२३ सालीं निवर्तले. विम त्यांनीं विनामूल्य दिला. मात्र परवान्यांत, युगांडांतील गरजू मुलांस साहाय्य करावें, अशी वापरणाऱ्यांस विनंती केली. उत्तम साधन फुकट मिळालें म्हणजे ऋण फिटलें असें नव्हे, हाही धडा विम शिकतांना ध्यानीं ठेवावा.