सेल्फ मारण्याआधी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे दक्षिण क्षितिजाजवळ सुहैल दिसू लागतो. हा आपला अगस्त्यच. उकाडा लगेच सरत नाही, पण अमिरातीत धैद, अल ऐन, रास अल खैमा इथल्या मळ्यांवर भाजीपाल्याच्या हंगामाची लगबग सुरू होते आणि उन्हाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर आठवतो. माझी एकच विनंती आहे: त्या दिवशी चावीला सगळ्यात शेवटी हात लावा. उभ्या गाडीत जेवढं बिघडलेलं नसतं, तेवढं पहिल्या पाच मिनिटांत आपण बिघडवतो.

काम पहाटे घ्या. 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी 12:30 ते 3 उन्हात काम करायला इथे बंदी आहेच, शिवाय इंजिन थंड असलं की तेल-पाणी नीट कळतं.

आधी बॉनेट उघडून उंदरांनी वायर किंवा पाइप कुरतडलेत का ते पाहा. मग एअर फिल्टर. ही वाळू पिठासारखी बारीक असते. ती आत गेली तर सिलिंडर घासला जातो. कागदी फिल्टरवर हवा आतून बाहेर मारा, फाटका असेल तर सरळ बदला. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला बोलवा.

बॅटरी उन्हात झपाट्याने उतरते. मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा. सेल्फ नुसता टकटक करत असेल, तर दोष बहुतेक इथेच असतो.

आता डिझेल. पुढे चावी दिल्यावर सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हाही इकडेच वळा. दिवसाच्या झळा आणि रात्रीचा दमटपणा यामुळे अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी जमतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं थांबा. पाणी जड, ते तळाशी बसतं. वर डिझेल, मधे स्वच्छ रेघ. रेघ दिसली की शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडत राहा. त्यानंतर लाइनमध्ये हवा धरते, म्हणून फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हँडपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळा. सुरू होऊन लगेच बंद पडणारे कितीतरी ट्रॅक्टर एवढ्यानेच चालू लागतात. पेट्रोल पिकअपच्या टाकीतून व्हार्निशसारखा वास आला, तर जुनं पेट्रोल काढून ताजं भरा.

आता चावी. स्टॉप ओढून ठेवून पाच सेकंद सेल्फ द्या, म्हणजे ऑइल वर चढेल. नंतर दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको. मधे मिनिटभर थांबा, नाहीतर मोटर जळते. सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर ताबडतोब बंद करा. काळा धूर राहिला तर हवा कोंडलीय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. थंडपणीचा पांढरा धूर थोड्या वेळाने जातो. गेला नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

किनाऱ्याजवळच्या मळ्यांत क्लचप्लेट गंजून चिकटते. गिअर करकरला तर जबरदस्ती करू नका. नांगर जोडण्याआधी अर्धा तास नुसता चालवा आणि टर्मिनलवर पुन्हा मीटर लावा: 13.8 ते 14.4 व्होल्ट आले तर अल्टरनेटर बॅटरी भरतोय.