हाडांच्या मगजातील रक्तबीज : डॉ. थॉमस यांचे संशोधन

रक्त शरीरभर खेळविण्याचे काम हृदय करते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते तयार कोठे होते, या प्रश्नावर पुष्कळ शिकलेली माणसेही क्षणभर थबकतात. त्याचे उत्तर हाडांच्या पोकळीत आहे. बोलीत ज्याला मगज म्हणतात, त्या मऊ, लालसर अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी जन्म घेतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका आठ-दहा दिवसच टिकतात. ही अखंड झीज भरून निघते ती मज्जेतील मोजक्या मूलपेशींमुळे. मूलपेशी स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकते आणि रक्तातील सर्व प्रकारच्या पेशींनाही जन्म देऊ शकते.

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, हा या मज्जेतच उद्भवतो. तेव्हा रोगट मज्जा समूळ नष्ट करून तेथे निरोगी माणसाची मज्जा रुजविता येईल काय, असा विचार डॉक्टरांच्या मनात आला. रोगट पीक नांगरून नवे बी पेरावे, तसाच हा प्रकार. विचार सोपा होता. तो सिद्धीस जाण्यास मात्र वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या वीस वर्षांच्या इतिहासात डॉ. एडवर्ड डॉनल थॉमस यांचे नाव अग्रभागी आहे.

थॉमस यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, एका खेड्यातील डॉक्टरच्या घरी झाला. १९४९ मध्ये शिकागोचे लिऑन जेकबसन यांना असे आढळले की, उंदरांवर घातक किरणांचा मारा करताना त्यांची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकली, तर ते जगतात. उंदराच्या प्लीहेतही रक्त तयार होते, हे त्यामागील कारण. पुढे मज्जा टोचूनही किरणांनी पोळलेले प्राणी वाचविता येतात, हे सिद्ध झाले. थॉमस यांनी हे माणसावर करून पाहण्याचे ठरविले. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मज्जा शिरेवाटे रक्तात सोडली, तरी ती आपली वाट शोधत हाडांत जाऊन पोहोचते, ही गोष्ट त्यातून उपयोगी पडली. परंतु फक्त दोघांत ती तात्पुरती रुजली आणि सहाही रुग्ण दगावले. जुळ्या भावंडांची मज्जा वापरली तेव्हा ती उत्तम रुजली. मात्र ल्युकेमिया काही महिन्यांत परतला.

मधल्या काळात कॅनडातील टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक हे दोघे वेगळ्याच कामात गुंतले होते. किरण दिलेल्या उंदरांना मोजून मज्जापेशी टोचल्यावर काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसू लागल्या. मॅक्युलॉक यांनी त्या मोजल्या. जितक्या पेशी अधिक, त्या प्रमाणात गाठी अधिक, असा सरळ हिशेब निघाला. सुमारे दहा हजार पेशींमागे एक गाठ. हे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे १९६३ मध्ये दाखवून देण्यात आले. मूलपेशी ही तोवर केवळ कल्पना होती. तिला मोजता येण्याजोगे रूप या गाठींनी दिले. महागड्या यंत्रांवाचून, निव्वळ चिकाटीने मोजणी करून एवढा मोठा शोध लागावा, ही गोष्ट आमच्या विज्ञान शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे.

थॉमस यांच्यापुढील अडचण निराळी होती. मूत्रपिंड बसविले, तर शरीर त्या परक्या अवयवावर हल्ला करते. मज्जेच्या बाबतीत उलटेही घडते. मज्जा ही प्रतिकारशक्तीचीच जननी असल्याने नवी मज्जा रुग्णाच्या त्वचेला, यकृताला, आतड्यांना परके ठरवून त्यांच्यावर उठते. बिऱ्हाडकरूने घरमालकालाच घराबाहेर काढावे, तसे हे आहे. या अपयशांमुळे अनेक संशोधकांनी हा मार्ग सोडला. थॉमस यांनी रुग्णांवरील प्रयोग थांबविले. विषय सोडला नाही. ते कुत्र्यांवरील प्रयोगांकडे वळले. दात्याचे व रुग्णाचे पेशीगट जुळविले आणि मेथोट्रेक्झेट हे औषध दिले, तर हा हल्ला आवरता येतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पत्नी डॉरोथी प्रयोगशाळेत आणि लेखनात अखेरपर्यंत त्यांच्या सोबतीस होत्या.

१९६९ च्या सुमारास सिअ‍ॅटल येथे ते पुन्हा रुग्णांकडे वळले. १९७७ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचा वृत्तान्त दिला. अन्य सर्व उपचार थकलेल्या त्या शंभरांपैकी तेरा जण रोगमुक्त जगत होते. तेरा हा आकडा लहान वाटेल. पण त्या रुग्णांपुढे दुसरी वाटच नव्हती. मग रोग बळावण्याची वाट न पाहता, तो पहिल्यांदा आटोक्यात येताच रोपण करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण वाचले. १९९० मध्ये थॉमस यांना मूत्रपिंड रोपणाचे प्रवर्तक जोसेफ मरे यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्याच सुमारास या उपचाराची कक्षा कर्करोगापलीकडे विस्तारली. थॅलेसेमियाच्या रुग्णावर सिअ‍ॅटल येथे १९८१ मध्ये रोपण झाले. अमेरिकेतील एका मुलीचे रोपण ल्युकेमियासाठी केले होते. त्यासोबत तिचा सिकलसेल आजारही बरा झाला. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची घरेच्या घरे असल्याने या घटनेचे मोल आपल्याला अधिक वाटावे.

गावपातळीवर खरी अडचण येते ती दात्याची. सख्ख्या भावंडाशी पेशीगट पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. एकच भावंड असेल तर शेकडा २५, दोन असतील तर सुमारे ४४. जुळणारे भावंड मिळाले, तरी “पाठीचा कणा टोचतात, पोर अधू होईल” या भीतीने घरचे माघार घेतात. ही भीती निराधार आहे. मज्जा कंबरेच्या हाडातून भूल देऊन, सुईने काढतात. मज्जारज्जूचा त्याच्याशी काही संबंध नाही. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. कंबर मात्र थोडे दिवस दुखते, हे दात्यास आधीच सांगावे. आता पुष्कळदा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवितात व हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे वेगळ्या करतात. त्यास भूलही लागत नाही.

कुटुंबे लहान झाली, तसे जुळणारे भावंड मिळणे अवघड झाले. त्यामुळे आता निम्मा पेशीगट जुळणाऱ्या आईची किंवा वडिलांची मज्जाही वापरली जाते. रोपणानंतर तीन-चार दिवसांनी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन नव्या मज्जेचा हल्ला आवरला जातो.