धुराला वाट, श्वासाला हवा

आसगाव व आसपासचा चौरास भाग धानाचा. येथे हिवाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. हेतू मायेचा असतो, परंतु धोका त्यातच दडलेला आहे. म्हणून हा छोटासा पाठ आम्ही समाजबांधव, भगिनी व विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

लाकूड, गोवऱ्या, कोळसा किंवा गॅस, कोणतेही इंधन जळताना हवेतील प्राणवायू घेते. तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेला माणूस झोपेतच दगावू शकतो. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक, हा समज खोटा आहे.

1983 साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 साली तो संपला. 2016 साली उज्ज्वला योजना आली. तरीही पाणी तापवायला कित्येक घरी चूल पेटतेच. म्हणून धुराड्याचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. गरम वायू हलका होऊन वर चढतो व मागून ताजी हवा ओढतो. याकरिता:

1. धुराडे शक्यतो सरळ असावे. त्याचे तोंड छपराच्या आढ्यापेक्षा निदान 2 फूट उंच असावे व त्यावर टोपी असावी.

2. आतील काजळी नियमित काढावी.

3. ताजी हवा आत येण्यास खिडकी उघडी ठेवावी.

4. पेटत्या चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर धुराडे चालू. खोलीत परतला तर तुंबले असे समजावे.

5. पेटती शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. बाळ-बाळंतिणीला दुलई व उबदार कपडे द्यावेत.

6. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

कोणास गुंगी आल्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे व तातडीने दवाखान्यात न्यावे.

पंचशीलातील पहिले शील प्राणिमात्राची हिंसा टाळण्याचे आहे. घरातील माय-लेकरांचे प्राण जपणे हेही त्याच शीलाचे पालन होय, असे आम्ही मानतो. रीत जुनी असली तरी ती बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी. येत्या हिवाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपले धुराडे तपासावे, ही नम्र विनंती.

जयभीम!